आधी दारू सोडू दे, मग बघू

नागपूरच्या दक्षिण कडेला बेसा, घोगली, पिपळा हा पट्टा. बघता बघता इथल्या शेतांचे लेआऊट पडले आणि लेआऊटवर इमारती उभ्या राहिल्या. बेसा-पिपळा आता नगरपंचायत आहे, मनीषनगर लागूनच आहे, मिहानमधलं एम्सही फार दूर नाही. अशा नव्या वस्तीत शेजाऱ्यांची ओळख व्हायला वेळ लागतो आणि घरातली दुखणी झाकून ठेवणं सोपं जातं. त्यातली दोन दुखणी पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात: तो रोज पितो, आणि त्याचं मन ठिकाणावर नसतं. घरच्यांची खरी परीक्षा मदत शोधायला निघाल्यावर सुरू होते. मनाच्या डॉक्टरकडे गेलं तर ऐकायला मिळतं, ‘आधी दारू सोडू दे, मग बघू.’ व्यसनमुक्ती केंद्रात गेलं तर विचारतात, ‘डोक्याच्या गोळ्या चालू आहेत का? मग आधी ते आटोक्यात आणा, नंतर या.’ ही दोन्ही उत्तरं वाईट हेतूने दिलेली नसतात. पण दोन्हीकडून तीच येत राहिली की माणूस मधल्यामध्येच राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ‘आधी काय सुरू झालं’ हा प्रश्न निदान करताना विचारलाच पाहिजे, मात्र उपचारांची रांग लावायला तो वापरला की नुकसान होतं. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असतील तर दोन्हींवर एकाच वेळी, एकाच ठिकाणी आणि शक्यतो त्याच डॉक्टर-समुपदेशकांकडून उपचार व्हायला हवेत.

ही रांग रुग्णाच्या मेंदूत नसते, ती कार्यालयांत असते. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 मध्ये सुरू झाला, 1996 पासून त्याचा जिल्हा कार्यक्रम आला, आणि हे सगळं आरोग्य मंत्रालयाकडे आहे. व्यसनमुक्तीची अनुदानित केंद्रं मात्र सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून चालतात. खातं वेगळं म्हणून निधी वेगळा, कर्मचारी वेगळे, त्यांचं प्रशिक्षण वेगळं आणि रुग्णाचा कागदही वेगळा. मदतीचे दूरध्वनी क्रमांकसुद्धा दोन आहेत: मनाच्या त्रासासाठी ‘टेली-मानस’चा 14416, व्यसनासाठी 14446. एका आकड्याचा फरक. रात्री दोन वाजता नवरा हातात विळा घेऊन ‘माझ्याविरुद्ध कट चाललाय’ म्हणत दारात उभा असेल तेव्हा हा त्रास दारूचा की मनाचा, हे त्याच्या बायकोने ठरवायचं आणि मग नंबर फिरवायचा, अशी ही रचना आहे. केवळ भारतातच असं झालं असंही नाही. अमेरिकेतही मनोविकार, दारू आणि अमली पदार्थ यांच्यासाठी वेगवेगळ्या राष्ट्रीय संस्था उभ्या राहिल्या. 1980 च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकत्रित उपचारांचा प्रयोग सुरू केला तो याच अनुभवातून. दोन केंद्रांमध्ये चिठ्ठ्या घेऊन फिरणारे रुग्ण वाटेतच गळत होते.

दोन्ही दुखणी एकत्र असणं हा अपवाद असता तर वेगळी खाती चालून गेली असती. पण तो अपवाद नाही. अमेरिकेतल्या पाच ठिकाणच्या सुमारे 20 हजार प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. दारूचा विकार असलेल्यांपैकी 37 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दुसरा मनोविकार झालेला होता. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत हे प्रमाण 53 टक्के होतं, आणि स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी 47 टक्के जणांना कुठल्यातरी पदार्थाचं व्यसन जडलेलं होतं. हे आकडे तिथले आहेत, ते नागपूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी आपल्याकडचं चित्र आश्वस्त करणारं नाही. बंगळुरूच्या निमहान्सने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण विदर्भाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्यं होती. दारूच्या विकाराने ग्रासलेल्या दर शंभरांतल्या सुमारे 86 जणांना उपचार मिळत नव्हते, आणि उदासी-चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांत सुमारे 85 जणांना. 2019 च्या देशव्यापी व्यसन-पाहणीत असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कुठलीतरी मदत मिळाली होती. ज्या देशात एका दारापर्यंतही फार थोडे पोचतात, तिथे पोचलेल्या माणसाला दुसऱ्या दाराचा पत्ता देऊन परत पाठवणं मला अक्षम्य वाटतं.

ही दोन दुखणी एकमेकांना इतकी का चिकटतात, याचं एकच एक उत्तर नाही. काही माणसं मनाच्या त्रासावर स्वतःच औषध शोधतात. चारचौघांत बोलताना छाती धडधडते, दोन पेग घेतले की धडधड थांबते. रात्रभर डोक्यात विचार फिरतात, क्वार्टर रिचवली की डोळा लागतो. सुरुवातीला हे औषध लागू पडतं, आणि हीच त्यातली फसवणूक. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. पहाटे तीन-चारला जाग येते तेव्हा मेंदूची चेतावणी यंत्रणा उलटी उसळलेली असते. हात थरथरतात, भीती वाटते, आणि ती भीती दाबायला पुन्हा दारूच लागते. काही महिन्यांनी मूळची चिंता कोणती आणि दारू उतरतानाची कोणती, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. दुसऱ्या काहींच्या बाबतीत पदार्थ आधी येतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या 45 हजारांहून अधिक तरुणांचा 15 वर्षं माग ठेवला गेला आणि त्याचे निष्कर्ष 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. भरतीच्या वेळेपर्यंत 50 हून अधिक वेळा गांजा ओढलेल्या तरुणांमध्ये पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. प्रत्येक गांजा ओढणाऱ्याला हा आजार होत नाही, बहुतेकांना होतच नाही. मात्र ज्याच्या मेंदूत त्याचं बीज आहे त्याला गांजा महागात पडतो. नागपूरच्या बातम्यांत सतत दिसणारी ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन, झोप उडवते आणि संशय वाढवते. दीर्घकाळच्या दारूतून बायकोच्या चारित्र्याविषयी पक्का भ्रम तयार होतो, हेही मानसोपचारात फार पूर्वीपासून नोंदलेलं आहे. किती घरांत त्याला निव्वळ ‘संशयी स्वभाव’ म्हणून सोडून दिलं जात असेल! तिसरी वाट म्हणजे दोन्ही दुखण्यांची मुळं एकच असणं: घराण्यातून आलेली प्रवृत्ती, लहानपणीची मारहाण, कर्जाचा दीर्घ ताण. एकाच माणसात या तिन्ही वाटा मिसळलेल्या असू शकतात, म्हणून कोणता आजार ‘खरा’ आणि कोणता त्याची सावली, हा वाद बऱ्याचदा निष्फळ ठरतो.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप बघू. ‘आधी दारू सोडू दे’ म्हणणारे डॉक्टर हवेत बोलत नाहीत. अमेरिकेत ब्राउन आणि शुकिट यांनी 1988 मध्ये उपचारांसाठी दाखल झालेल्या दारूग्रस्त पुरुषांची उदासी मोजली. दाखल होताना 42 टक्के जण लक्षणीय उदास होते. दारू बंद होऊन चार आठवडे झाल्यावर तसे फक्त 6 टक्के उरले. म्हणजे बहुतेकांची उदासी दारूनेच आणलेली होती आणि दारूबरोबर ती गेली. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला उदासीच्या गोळ्या लिहून देणं त्यामुळे चुकीचं ठरेल, आणि हा आक्षेप तेवढ्यापुरता पूर्ण मान्य केला पाहिजे. पण तो कशाविषयी आहे हे नीट पाहावं. ते चार आठवडे रुग्णालयातले होते. दारू बंद होती, अवतीभोवती माणसं होती, आणि उदासी दर आठवड्याला मोजली जात होती. आपल्याकडे ‘आधी सोडून ये’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. ज्याला दारू सोडता येत नाही म्हणूनच तो आला, त्याला सोडल्याशिवाय येऊ नकोस सांगणं म्हणजे बरा हो आणि मग औषध घ्यायला ये, असं सांगणं. शिवाय वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकट्याने अचानक दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना प्रलाप होतो: वेळकाळाचं भान जातं, भिंतीवर किडे दिसतात, अंगाला ताप आणि कापरं भरतं. घरचे याला बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेतात. खरं तर त्या वेळी लागतो दवाखाना, बेतून कमी करत नेलेली शामक औषधं आणि थायमिन हे जीवनसत्त्व, कारण ते कमी पडलं तर स्मृती कायमची जाऊ शकते. आणि मरणाचे विचार? दारूमुळे आलेल्या उदासीतला गळफास हा दुसऱ्या कुठल्याही गळफासाइतकाच घट्ट असतो. त्याला चार आठवडे थांब म्हणता येत नाही. निदानासाठी थांबावं. पण थांबायचं ते रुग्णाला जवळ ठेवून आणि रोज विचारपूस करत, दाराबाहेर ठेवून नव्हे.

थांबण्याच्या काळात करण्यासारखं पुष्कळ असतं. जाणता डॉक्टर रुग्णाच्या आयुष्याची कालरेषा काढतो: पहिल्यांदा दारू कधी घेतली, ती रोजची कधी झाली, पहिल्यांदा मन कधी ढासळलं. मधे कधी सहा महिने, वर्षभर दारू सुटली होती का, आणि तेव्हा मन कसं होतं? घराण्यात कुणाला असा आजार होता का? सुटलेल्या काळातही उदासी किंवा संशय टिकून राहिला असेल, किंवा दारूच्या आधीपासूनच असेल, तर चार आठवडे संपण्याची वाट पाहायचीही गरज नसते. ‘आधी काय’ हा प्रश्न इथे आपल्या योग्य जागी येतो.

दोन्हींवर एकदम उपचार केल्याने फरक पडतो का? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेलन पेटिनाटी आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. दारूचं अवलंबन आणि उदासी दोन्ही असलेले 170 रुग्ण त्यांनी चार गटांत वाटले. एका गटाला उदासीचं औषध सर्ट्रालीन, दुसऱ्याला दारूची तलफ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला औषधासारखी दिसणारी पण बिनऔषधाची गोळी. समुपदेशन सगळ्यांनाच होतं. 14 आठवड्यांच्या उपचारांत दारूपासून पूर्ण दूर राहिलेले लोक दोन्ही औषधांच्या गटात सुमारे 54 टक्के निघाले. एकट्या नाल्ट्रेक्सोनच्या गटात सुमारे 21, एकट्या सर्ट्रालीनच्या गटात 27 ते 28 आणि बिनऔषधाच्या गटात 23 टक्के. एकेकटं औषध निव्वळ समुपदेशनाच्या फार पुढे गेलं नाही, दोन्ही मिळून दुपटीच्या आसपास पोचलं. 170 हा आकडा लहान आहे आणि एका चाचणीवर धोरण बेतू नये. तरीही एकामागून एक उपचार करण्याच्या पद्धतीत ही जोडी कुणाला मिळूच शकत नाही, हे या आकड्यांतून समजतं.

एक प्रामाणिक आक्षेप अजून उरतो. तीव्र मनोविकार आणि व्यसन एकत्र असलेल्यांवरच्या मानसिक-सामाजिक उपचारांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने वेळोवेळी घेतला आहे. 2019 च्या आढाव्यात 41 चाचण्या आणि चार हजारांवर रुग्ण होते. त्यातून कुठलीही एक पद्धत नेहमीच्या उपचारांहून निश्चितपणे सरस असल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. मग एकत्रित उपचारांचा आग्रह कशाच्या जोरावर धरायचा? मला वाटतं, हा निष्कर्ष दडपण्याचं कारण नाही, तो नीट वाचण्याचं आहे. या चाचण्यांमध्ये गळती फार होती, उपचार एकसारखे नव्हते, आणि तुलना ज्या ‘नेहमीच्या उपचारां’शी झाली ते ज्या देशांतले होते तिथे नेहमीचा उपचार म्हणजे निदान एक समाजसेवक, एक फाईल आणि ठरलेली भेट असते. आपल्याकडे नेहमीचा उपचार म्हणजे अनेकदा काहीच नाही. एकत्रित उपचार चमत्कार करतात असा माझा दावाही नाही. दावा इतकाच की वेगवेगळे ठेवण्याच्या बाजूने काहीही पुरावा नाही, आणि वेगळेपणाची किंमत दिसते आहे. एचआयव्ही आणि क्षयरोग एकाच माणसाला असतात तेव्हा ‘आधी एक बरा करून ये’ असं आता आपल्याकडे कुणी म्हणत नाही. दोन्हींची तपासणी आणि औषधं एकाच केंद्रावर देण्याची पद्धत या देशाने घडवून दाखवली आहे.

औषधांची भीती हा वेगळाच विषय आहे. ‘एक व्यसन सोडवायला दुसरं लावतात’ असं घरात, केंद्रात आणि कधी व्यसनमुक्तांच्या गटातही म्हटलं जातं. यात अर्धं तथ्य आहे. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची सवय खरोखरच लागते. दारू तोडताना त्या थोडे दिवस द्याव्या लागतात, पण त्या महिनोन्‌महिने चालू ठेवणं किंवा औषधाच्या दुकानातून परस्पर घेणं धोक्याचं आहे. उदासीच्या, भ्रमाच्या, मनाचे चढउतार सावरणाऱ्या औषधांची तलफ मात्र येत नाही, नशाही चढत नाही. ती औषधं सरसकट बंद करायला लावणारं केंद्र रुग्णाला मदत करत नसतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसनेही आपल्या सदस्यांना सांगितलं आहे की कुणी कुणाचा डॉक्टर होऊ नये. उलट बाजूची चूकही तितकीच गंभीर आहे. दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम हे औषध नवऱ्याच्या जेवणात चोरून मिसळलं जातं. त्यावर दारू प्यायली की रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि ज्याला आधीच भ्रमाचा आजार आहे त्याचा आजार या औषधाने भडकू शकतो. व्यसनाकडे आणि मनाकडे वेगवेगळी माणसं बघतात तेव्हा असे अपघात होतात. आणखी एक उदाहरण विदर्भात महत्त्वाचं आहे. 2016-17 च्या तंबाखू-पाहणीनुसार महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ 4 टक्क्यांहून कमी, पण तंबाखू तोंडात ठेवणारे सुमारे 24 टक्के. नागपुरात तर पानठेल्यावर घोटून दिलेला खर्रा दिवसाची घडी ठरवतो. क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही भ्रमावरची औषधं विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात लवकर विघटित होतात, कारण धुरातली रसायनं यकृताचं एक विकर चेतवतात. खर्ऱ्याने तसं होत नाही, त्यात धूर नाही. म्हणून वॉर्डात विडी बंद झालेल्या रुग्णाची औषधाची पातळी अचानक चढू शकते आणि घरी जाऊन पुन्हा ओढायला लागला की उतरू शकते. ‘तंबाखू खातो का’ एवढं विचारून भागत नाही, खातो की ओढतो हेही विचारावं लागतं. खर्रा यातून निर्दोष सुटतो असं कुणी समजू नये. तोंडाच्या कर्करोगाचं भय त्याच्यासोबत आहेच.

महाराष्ट्रात या विचाराची एक जुनी खूण आहे आणि ती फार कमी वेळा या अंगाने पाहिली जाते. 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिल अवचट यांचं ‘गर्द’ या अमली पदार्थावरचं लेखन आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी दिलेला आधार सगळ्यांना ठाऊक असतो. पण ते केंद्र उभं राहिलं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि ते उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ होत्या. राज्यातलं सर्वांत नावाजलेलं व्यसनमुक्ती केंद्र मनोविकारशास्त्राच्या अंगणात जन्मलं, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासून आहे, म्हणजे देशातल्या जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक. त्याच्याजवळच्या चौकाला लोक अजून ‘पागलखाना चौक’ म्हणतात, आणि त्या नावातच बेसाहून तिथवर जाताना वाटणारी लाज सामावलेली आहे. पुरुषाच्या बाबतीत ‘पितो’ म्हणणं ‘डोकं फिरलंय’ म्हणण्यापेक्षा घराला सोपं जातं, म्हणून त्याचा मनोविकार दारूच्या आड लपतो. बाईच्या बाबतीत नेमकं उलट. तिला ‘टेन्शन आहे’ म्हटलं जातं, आणि झोपेच्या गोळ्या, वेदनाशामकं किंवा तंबाखूची मिश्री यांच्याबद्दल तिला कुणी विचारतच नाही.

‘एवढे मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे?’ हा शेवटचा व्यावहारिक प्रश्न. लाख लोकांमागे एकही पुरता नाही, हे खरं आहे. पण मनुष्यबळ कमी असेल तर तेच काम दोन खात्यांत वाटून घेणं जास्तच महाग पडतं. आणि सगळं काम तज्ज्ञानेच करायला हवं असंही नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षित सामान्य समुपदेशक नेमून दोन उपचार तपासले, त्यांचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गंभीर उदासीच्या रुग्णांपैकी समुपदेशन मिळालेले 64 टक्के जण तीन महिन्यांत उदासीतून बाहेर आले, इतरांमध्ये 39 टक्के. धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांमध्ये 36 टक्के सावरले, इतरांमध्ये 26. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांना या दुसऱ्या चाचणीत घेतलं नव्हतं. त्यांना डॉक्टर लागतोच. पण उदासी आणि दारू या दोन्हींसाठी थोड्याच बैठकांचं समुपदेशन गावपातळीवर देता येतं, हे गोव्याने दाखवलं. विदर्भाने त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालला. शेतकरी आत्महत्यांच्या प्रदेशात त्याने उदासी आणि दारूचा विकार ही दोन लक्ष्यं सुरुवातीपासून एकत्र धरली, गावातल्या कार्यकर्त्यांपासून तज्ज्ञापर्यंत एक साखळी ठेवली. उदासी असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. जे अमरावतीच्या खेड्यांत जमलं ते बेसाच्या आरोग्य केंद्रात का जमू नये? आणि दारूबंदीविषयी एकच वाक्य: वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर असे दारूबंदीचे प्रयोग पाहिलेल्या या प्रदेशात परवान्यावरची चर्चा जितकी तावातावाने होते, तितकी पिणाऱ्याच्या मनावरच्या उपचारांची होत नाही, आणि दुकान बंद केल्याने उदासीचा रुग्ण बरा होत नाही.

कायदा या बाबतीत खात्यांच्या पुढे गेला आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोविकाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था घेतल्या. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणारं व्यसनमुक्ती केंद्र हे मानसिक आरोग्य आस्थापना ठरतं. त्याला नोंदणी लागते, आणि तिथल्या रुग्णाला मनोरुग्णालयातल्या रुग्णाचे सगळे अधिकार मिळतात. साखळीने बांधणं बेकायदा, जबरदस्तीने मुंडण बेकायदा. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असलं पाहिजे. घरच्यांच्या एका फोनवर गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी जागा कायद्याच्या बाहेर आहे, मग तिच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. शहराच्या कडेला, भाड्याच्या बंगल्यात केंद्र काढणं सोपं असतं, म्हणून बेसासारख्या भागातल्या कुटुंबांनी पैसे भरण्याआधी चौकशी करावी. नोंदणीचा कागद दाखवा म्हणावं. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, दाखल होताना मरणाच्या विचारांबद्दल विचारतात का, आधीपासून चालू असलेली औषधं चालू ठेवतात का, दारू तोडताना रात्री झटका आला तर कुठल्या रुग्णालयात नेतात, हे विचारावं. घरच्यांना भेटू देतात का, तेही. घसरलेल्या रुग्णाला परत घेतात की हाकलतात, हे तर नक्कीच विचारावं, कारण या आजारात घसरण ही उपचारांतली अपेक्षित घटना आहे. ती कोणत्या दिवशी, कोणत्या मनःस्थितीत झाली यातून डॉक्टरला पुढची दिशा मिळते. सुट्टीच्या कागदावर पुढच्या भेटीची तारीख आठवड्याच्या आतली असावी. आणि त्या भेटीला बरोबर आलेल्या बायकोला किंवा आईला डॉक्टरने बाजूला बसवून तिची झोप, तिची भूक आणि तिच्या अंगावरचे वळ यांच्याबद्दल विचारावं. गरज असेल तर त्याच खिडकीवर तिच्याही नावाचा केसपेपर काढावा.